जुन्या गाडीचा एसी आणि न सापडणारे पार्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरला आमच्या दारात २००३ सालची डिझेल इंडिका उभी असते आणि औशाकडच्या शेतावर मामांची त्याहून जुनी सुमो. दोन्हींचा एसी अजून गार हवा देतो. एवढ्याच भांडवलावर सोयरेधायरे मला जाणकार समजतात आणि होळी पेटली की फोन सुरू होतात. मी मिस्त्री नाही. मिस्त्रींच्या शेजारी स्टुलावर बसून आणि पार्टसाठी गावोगाव हिंडून जे कळलं, तेवढंच इथे आहे. प्रश्न लोकांचे, जसे आले तसे.

कूलिंग बंद झालंय. कोणता पार्ट मागवू?

आत्ता कोणताच नको. जुन्या एसीवर वाया जाणारा बहुतेक पैसा चांगला पार्ट काढून दुसरा चांगला पार्ट बसवण्यात जातो.

गाडी चालू करा, ब्लोअर लावा, एसीचं बटण दाबा आणि कुणाला तरी बॉनेट उघडून कॉम्प्रेसरच्या, म्हणजे एसीचा गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाच्या, पुलीसमोर उभं करा. हात आणि ओढणी-उपरणं पट्ट्यापासून लांब. मधली प्लेट 'टक्' करून पुलीला चिकटली आणि फिरायला लागली, तर क्लच (कॉम्प्रेसर पुलीला जोडणारा, गिअरचा नव्हे), रिले, वायर इथपर्यंत ठीक आहे. चिकटलीच नाही, तर लगेच कॉम्प्रेसरच्या नावाने बोटं मोडू नका. गॅस फार कमी झाला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसरपर्यंत वीज पोचूच देत नाही. त्याचं कामच ते आहे. रिले गेला असेल, फ्यूज उडाला असेल. आमच्याकडे सोयाबीनची पोती घराच्या पडवीत आली की पाठोपाठ उंदीर येतात, आणि पोत्यांशेजारी लावलेल्या गाडीची वायर त्यांना फार आवडते. इंडिकाचा एसी एका दिवाळीनंतर असाच बंद पडला होता. दोन इंच वायर आणि टेप एवढ्यावर काम झालं.

दुसरी तक्रार : 'चालत्या गाडीत गार, उभी राहिली की गरम.' ही बहुतेक वेळा पंख्याची नाहीतर कंडेन्सरची असते. कंडेन्सर म्हणजे रेडिएटरच्या पुढची जाळी. एप्रिलमध्ये परभणीजवळ रेल्वे फाटकात वीस मिनिटं अडकलो होतो, आतली हवा कोमट झाली. प्यायच्या पाण्याच्या दोन बाटल्या पुढच्या जाळीवर ओतल्या आणि मिनिटाभरात हवा पुन्हा गार. याचा अर्थ गॅस होता, कॉम्प्रेसर ठीक होता, जाळीतली उष्णता बाहेर जात नव्हती. घरी येऊन बघितलं तर पंख्याची मोटर जाम, आणि जाळीच्या पापुद्र्यांत जिनिंगवरून उडालेला कापूस गच्च बसलेला. ही पाण्याची तपासणी फुकट आहे. पार्ट मागवण्याआधी करून बघा.

तिसरी : 'दर उन्हाळ्यात गॅस भरतो, आषाढी येईपर्यंत संपतो.' गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नसतो. तो कुठून तरी निघून जातोय. गॅसबरोबर थोडं तेल बाहेर येतं, त्यावर धूळ बसते आणि काळपट चिकट डाग पडतो. पाइपांचे सांधे, कॉम्प्रेसरचा पुढचा सील आणि जाळीचे कोपरे टॉर्च लावून बघा. डाग सापडला की कोणता पार्ट शोधायचा ते आपोआप ठरतं.

कंपनीच्या काउंटरवर 'हा पार्ट बंद झाला' म्हणाले. खरंच संपला का?

त्या एका वाक्याचे तीन अर्थ असतात. आमच्या शाखेत नाही. जुना नंबर बंद होऊन त्याजागी नवा नंबर आलाय, पण मी जुनाच टाकून बघितला. किंवा खरोखरच संपला. पहिल्या दोन्हींत पार्ट मिळतो. म्हणून काउंटरवर 'या नंबरच्या जागी नवा नंबर आलाय का?' असं स्पष्ट विचारा, आणि गाडीचं नाव सांगण्याऐवजी आरसी पुढे करा. चेसिस नंबर सतरा अक्षरा-आकड्यांचा असतो. मारुतीचा 'एमए३'ने सुरू होतो, टाटाचा 'एमएटी'ने, ह्युंदाईचा 'एमएएल'ने. त्यावरून नेमकी आवृत्ती निघते. एकाच नावाच्या गाडीत मधल्या वर्षांत कॉम्प्रेसर बदललेला असतो, त्यामुळे 'झेनचा द्या' एवढ्यावर काहीच ठरत नाही. झेन १९९३ मध्ये आली आणि पुढे कितीतरी वर्षं विकली गेली. त्यातली तुमची कोणती?

खरोखर संपला असेल, तर काउंटरवर वाद घालण्यात अर्थ नाही. आता पार्ट मुळात बनवणाऱ्याचा शोध सुरू करायचा.

म्हणजे पार्ट गाडीची कंपनी बनवत नाही?

एसीचे तर बहुतेक नाहीच. मारुतीच्या असंख्य गाड्यांचा एसी सुब्रोसचा असतो. ही नोएडाची कंपनी १९८५ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात जपानच्या डेन्सो आणि सुझुकी यांची भागीदारी आहे. त्याशिवाय सॅन्डेन, डेन्सो, बेहर, वॅलिओ, डेल्फाय ही नावं कॉम्प्रेसरवर आणि जाळ्यांवर दिसतील. गाडीच्या कंपनीने आपल्या पेटीतला पार्ट बंद केला तरी मूळ कारखानदाराच्या पेटीत तोच पार्ट बाजारात मिळत राहतो, आणि बहुतेक वेळा स्वस्त मिळतो.

पार्टवरचा नंबर नेमका कुठे बघायचा?

कॉम्प्रेसरच्या अंगावर धातूची पट्टी किंवा स्टिकर असतो. त्यावर बनवणाऱ्याचं नाव, मॉडेल, गॅसचा प्रकार आणि तेलाचा प्रकार दिलेला असतो. आपल्याकडे त्यावर काळ्या मातीचा आणि तेलाचा थर असतो. तिथे पत्र्याचा तुकडा किंवा पॉलिश पेपर चालवू नका. फडक्यावर रॉकेल नाहीतर डिझेल घेऊन हळूहळू पुसा, स्टिकर फाटला तर नंबर गेला. पट्टी इंजिनाच्या बाजूला तोंड करून असेल तर मोबाईल खाली घालून व्हिडिओ काढा आणि मग थांबवून वाचा. मी दर वेळी हेच करतो.

बेल्टवर नंबर सरळ छापलेला असतो. '४पीके ८९०' असेल तर चार खाचा आणि ८९० मिलिमीटर लांबी. बेअरिंगच्या रबरी झाकणावरही असतो. 'घर्र' वाजणाऱ्या पुलीतलं बेअरिंग '३५बीडी५२२०' निघालं, तर आतला व्यास ३५, बाहेरचा ५२ आणि रुंदी २० मिलिमीटर. हे बेअरिंग मागायला एसीवाल्याकडेच जायला हवं असं नाही, जिल्ह्याच्या गावातलं कुठलंही मोठं बेअरिंगचं दुकान देतं. पुलीचा आवाज येतो म्हणून सबंध कॉम्प्रेसर बदलणारे लोक मी बघितलेत, म्हणून एवढं सांगतोय.

आणि एक विनंती. काढलेला जुना पार्ट नवा बसून पंधरा दिवस नीट चालेपर्यंत भंगारात देऊ नका. काउंटरवर ठेवायला त्याच्याइतका पक्का पुरावा दुसरा नाही.

माझ्या गाडीची कंपनीच भारतातून गेली. आता?

देवूच्या मॅटिझ-सिएलोवाल्यांना ही सवय वीस वर्षांपासून आहे. शेव्हरोलेने २०१७ मध्ये इथली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये इथे गाड्या बनवणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. गाडीची कंपनी गेली तरी वरच्या उत्तरातला कारखानदार इथेच असतो. शिवाय एकच गाडी जगात वेगवेगळ्या नावांनी विकलेली असते. आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवलेली स्कोडाची पहिली ऑक्टेविया घ्या. ती फोक्सवॅगन गोल्फच्या चौथ्या पिढीच्या सांगाड्यावर उभी आहे, आणि तिच्या कितीतरी पार्टांचा नंबर गोल्फचाच, '१जे०'ने सुरू होणारा. म्हणजे शोध 'ऑक्टेविया'पुरता ठेवलात तर बाजार लहान, नंबराने शोधलंत तर मोठा.

शेव्हरोलेच्या टॅव्हेरावाल्यांची तक्रार आपल्याकडे जास्त येते, कारण त्या गाड्या अजून बीड-अंबाजोगाई-लातूर रस्त्यांवर प्रवासी भरून धावतात. ज्या गाडीचा धंदा चालू आहे तिचे पार्ट बाजारात कुणीतरी आणतोच. खरी अडचण घरगुती, कमी खपलेल्या मोटारींची.

गाडी १९९० च्या दशकातली आहे. 'जुना गॅस' आहे म्हणतात. तो मिळेल का?

तो आर-१२. ओझोनच्या थराला त्याने भोक पाडलं म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रिअल कराराने त्याला जगभर रजा दिली. भारत १९९२ मध्ये करारात सामील झाला आणि २०१० च्या सुरुवातीपासून इथे असे गॅस बंद झाले. आता कुणी 'ओरिजिनल आर-१२ आहे माझ्याकडे' म्हणून सिलिंडर दाखवत असेल तर आत काय आहे ते त्यालाही माहीत नसतं.

गाडी आर-१३४ए वर आणावी लागते, आणि ते नुसता गॅस बदलून होत नाही. आर-१२ बरोबर खनिज तेल चालायचं, नवा गॅस त्या तेलाला बरोबर घेऊन फिरत नाही. तेल कॉम्प्रेसरकडे परत आलं नाही की कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. म्हणून जुनं तेल काढून पीएजी किंवा एस्टर तेल, नव्या गॅसला चालणारे ओरिंग (सांध्यांतल्या रबरी रिंगा), ओलावा शोषणारा नवा ड्रायर आणि गॅस भरायचे नवे नोझल घ्यावे लागतात. गॅसही जुन्या मापाइतका भरायचा नाही, साधारण ८० ते ९० टक्के पुरतो. हे करूनही जुनी, जाड नळीची जाळी नव्या गॅसला थोडी कमी पडते, आणि ४२-४३ अंशाच्या दुपारी ते जाणवतं. जमलं तर त्याच वेळी बारीक नळ्यांची, पॅरलल फ्लो प्रकारची जाळी आणि तगडा पंखा बसवून घ्या.

दुसऱ्या गाडीचा कॉम्प्रेसर बसतो का?

बसतो, पण 'बसतो' म्हणजे काय ते आधी ठरवा. नटबोल्ट लागले म्हणजे बसला असं नाही. कानांची भोकं आणि त्यांच्यातलं अंतर, पुलीच्या खाचा, पुली बाकीच्या पुल्यांच्या रेषेत येते का, पाइप लागायची तोंडं मागे आहेत की वर, आतली क्षमता, तेलाची जात, आणि व्होल्ट, हे सगळं जुळायला हवं.

व्होल्टची गोष्ट सांगतो. मामांच्या सुमोला एसी बाहेरून बसवलेला आहे आणि त्यात सॅन्डेनचा ५०८, म्हणजे पाच सिलिंडरचा कॉम्प्रेसर. तो जाम झाल्यावर एका दुकानातून तसाच दुसरा आणला. रंग तोच, कान तेच, पुली तीच. बसवला, गॅस भरला, बटण दाबलं, तर क्लच धरेना. धरला तरी घसरायचा, जळका वास यायचा. दोन दिवस वायरिंग उचकटलं. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींच्या बारा वर्षांच्या पोराने क्लचच्या कॉइलच्या कडेवरची बारीक अक्षरं वाचली : २४ व्होल्ट. तो बस-ट्रकसाठीचा होता. सुमो १२ व्होल्टची. मामा त्या पोराला अजून 'इंजिनिअर साहेब' म्हणतात. तेव्हापासून कॉम्प्रेसर घेताना मी मल्टिमीटर बरोबर नेतो. १२ व्होल्टची कॉइल साधारण ३ ते ४ ओहम दाखवते. याहून फार जास्त दाखवली तर विचारायला लागा.

नवा घेऊ, की आहे तोच दुरुस्त करू?

काय बिघडलंय त्यावर. बेअरिंग, क्लच प्लेट, क्लचची कॉइल आणि पुढचा सील यांसाठी कॉम्प्रेसर बदलायची गरज नाही. सीलचं किट मिळतं, आणि नव्या कॉइलच्या फंदात न पडता जुनीच पुन्हा गुंडाळून देणारे कारागीरही असतात.

आतून खरवडला असेल तर गोष्ट वेगळी. तेल पांढऱ्या कापडावर घ्या. काळं आणि चमचमणारं दिसलं तर धातूचा कीस सगळ्या पाइपांत फिरून आलाय. अशा वेळी नुसता नवा कॉम्प्रेसर बसवला तर तोच कीस खाऊन तोही महिन्या-दोन महिन्यांत बंद पडतो. सगळे पाइप धुवायचे, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (आतल्या जाळीत गॅस बेताने सोडणारी झडप) आणि ड्रायर बदलायचा. पॅरलल फ्लो जाळीच्या नळ्या इतक्या बारीक असतात की त्यातला कीस धुऊन निघत नाही, ती बदलावीच लागते. हा खर्च ऐकून लोक मिस्त्रीवर संशय घेतात. या एका बाबतीत मी मिस्त्रीच्या बाजूने आहे.

भंगारातला पार्ट घ्यावा का?

काही जरूर घ्यावेत. एसीचं पॅनेल, नॉब, फ्लॅपच्या केबली, ब्लोअरची पेटी, ब्रॅकेट, पंख्याचं प्लास्टिक, धातूच्या पाइपांची टोकं. हे नवं मिळतच नाही आणि वापरलेलं असून फारसं बिघडत नाही. ड्रायर आणि ओरिंग मात्र कुणी फुकट दिले तरी नकोत. ड्रायरमधले दाणे हवेतला ओलावा शोषतात. तोंड उघडं राहून पावसाळा काढलेला ड्रायर म्हणजे भिजलेला टॉवेल.

भंगारातला कॉम्प्रेसर घ्यायचाच असेल तर तोंडं टोपणाने बंद असलेलाच. मधली प्लेट हाताने फिरवा. एकसारखी, थोडी जड फिरायला हवी. कुठे अडकली किंवा पंख्यासारखी भिरभिरली, तर परत ठेवून द्या.

बिल घ्या, कच्चं का असेना, दुकानाचं नाव आणि तारीख असलेलं. चोरीच्या गाड्या फोडून विकण्यावरून मेरठचा सोतीगंज बाजार २०२१ मध्ये पोलिसांनी बंद पाडला. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा घेणाऱ्याचाही गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७.

मराठवाड्यात कुठे शोधू? की बाहेरूनच मागवावा लागेल?

चालू गाड्यांचं सगळं छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूरमध्ये मिळतं. सुमो, बोलेरो, इंडिका, मारुती ८०० असेल तर तालुक्याच्या गावातही. सगळ्यात आधी मात्र गावातल्या जुन्या एसीवाल्याच्या माळ्यावर बघा. हे मी गमतीने म्हणत नाही. पंचवीस वर्षं धंदा केलेल्या माणसाकडे न खपलेल्या पेट्या पडलेल्या असतात. इंडिकाचा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह मी पुण्या-मुंबईला विचारून थकलो आणि शेवटी तो निघाला उदगीरला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, वर्तमानपत्र २००९ चं.

बाहेर जायचं तर उदगीर, देगलूर, नांदेडकरांना पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ. तिथे राणीगंज भागात सुट्या पार्टांची दुकानं आहेत. संभाजीनगर-जालना-बीडची माणसं पुणे किंवा मुंबई धरतात, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड जुन्या पार्टांसाठी प्रसिद्ध आहे. दिल्लीचं काश्मिरी गेट नव्या पार्टांचं, मायापुरी जुन्यांचं. चेन्नईत पुदुपेट.

जायची गरज बहुतेक वेळा पडत नाही. जुन्या पार्टचे चार फोटो काढा : नंबरची पट्टी, समोरून पुली, पाइपांची तोंडं, आणि शेजारी पट्टी किंवा टेप ठेवून एक. ते पाठवा, समोरून त्यांच्या पार्टचे तसेच चार फोटो मागवा. फोटो नको, 'डोळे झाकून घ्या साहेब' म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. पार्सल एसटीने किंवा ट्रॅव्हल्सने रातोरात येतं. कंडेन्सर मात्र लाकडी चौकटीत बांधून मागा, नुसत्या खोक्यात आलेली जाळी वाकलेली निघते.

ऑनलाइन घेऊ का?

रिले, रेझिस्टर, केबिन फिल्टर, बेल्ट खुशाल घ्या. कॉम्प्रेसर आणि कॉइल घेताना 'तुमच्या गाडीला बसेल' या हिरव्या टिकवर विसंबू नका, नंबर जुळवा आणि परत करायची मुदत बघा. गॅस सोडून, बसवून बघितल्यावर परत घेणारा अजून मला भेटायचाय.

डुप्लिकेट कसा ओळखायचा?

पेटीवरून नाही, पेट्या फार छान छापतात. वजन करा. जाळी आणि कूलिंग कॉइल (डॅशबोर्डच्या आतली) यांत नकली माल हलका असतो, पापुद्रे विरळ असतात आणि नखाने सहज वाकतात. पाइपांची तोंडं बुचाने बंद असायला हवीत. चांगल्या कारखान्याची जाळी आत गॅस दाबून पाठवलेली असते आणि बूच काढताना 'फुस्स' होतं. तो आवाज आला की मला बरं वाटतं. कंपनीच्या नावातलं एखादं अक्षर इकडचं तिकडे केलंय का तेही बघा.

कूलिंग कॉइल गळतेय. टाका मारून चालेल का?

कूलिंग कॉइल म्हणजे डॅशबोर्डच्या आतला इव्हॅपोरेटर. टाका बसतो, टिकत नाही. ती काढायला जुन्या गाडीत अर्धा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, मजुरी तिथेच जाते. तेच काम वर्षाने पुन्हा करायचं असेल तर टाका मारा. मारुती ८०० आणि पहिल्या इंडिकासारख्या गाड्यांना केबिन फिल्टर नाही, त्यामुळे धूळ, कचरा, सोयाबीनचा भुसा थेट कॉइलवर. इंडिकाची कॉइल काढली तेव्हा तिच्यावर वाळलेल्या शेणाच्या गोवरीसारखा थर होता. धुतल्यावर भोक दिसलं. पुढची, कंडेन्सरची जाळी असेल आणि भोक बाहेरच्या पाइपाच्या सांध्यावर असेल, तर मात्र चांगल्या वेल्डरचा टाका वर्षानुवर्षं टिकतो.

पाइप फुटलाय आणि कुठेच मिळत नाही.

तो तयार करून मिळतो. दोन्ही टोकांचे धातूचे तुकडे शाबूत ठेवून काढा आणि होज क्रिम्प करणाऱ्याकडे, म्हणजे नळीवर धातूची टोकं दाबून बसवणाऱ्याकडे, न्या. चिकलठाणा, वाळूज किंवा लातूरच्या एमआयडीसीच्या आसपास हायड्रॉलिक होजवाले असतात, कारण ट्रॅक्टर, जेसीबी आणि कारखान्यांना ते लागतातच. फक्त होज एसीचा, आर-१३४ए साठीचा बॅरिअर होज हवा. जेसीबीचा होज दाब सोसतो, पण गॅस त्याच्या रबरातून हळूहळू झिरपून जातो. होज दुकानात नसेल तर आपण विकत घेऊन न्यायचा, क्रिम्प तेवढं त्यांनी करायचं.

ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवर चालतो.

रेझिस्टर गेला. शेवटच्या नंबरला वीज त्याच्यातून न जाता थेट मोटरला जाते, म्हणून तो एक चालतो. छोटा, स्वस्त पार्ट आहे. पण तो का गेला तेही बघा. मोटर जड झाली किंवा कचऱ्याने अडली की नवा रेझिस्टरही जळतो.

पार्ट मिळाला. बसवताना काय बघू?

ड्रायर नवा, ओरिंग नवे, तेल पट्टीवर लिहिलंय त्याच जातीचं आणि बाटली समोर उघडलेली. पीएजी तेल हवेतला ओलावा पितं, महिनाभर अर्धी उघडी पडलेली बाटली कॉम्प्रेसरमध्ये ओतू देऊ नका.

मग व्हॅक्यूम, म्हणजे पाइपांतली हवा आणि ओलावा पंपाने ओढून काढणं. किमान अर्धा तास पंप, नंतर पंप बंद करून गेजचा काटा हलतो का ते बघत चहा. इथे एक गंमत आहे. पुस्तकात काटा २९ इंचांच्या पुढे जायला हवा असं लिहिलेलं असतं, ते समुद्राकाठच्या गावांसाठी. संभाजीनगर साधारण ५७० मीटर उंचीवर आहे, हवेचा दाबच कमी, त्यामुळे इथे काटा २८ च्या आसपास थांबतो. लातूरला आणखी थोडा अलीकडे, नांदेड खाली असल्याने तिथे थोडा पुढे. काटा २८ ला थांबला म्हणून पंप खराब नसतो आणि गळतीही नसते. बंद केल्यावर तो मागे यायला लागला तर गळती.

गॅस वजनावर भरून घ्या. किती ग्रॅम ते बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं. 'प्रेशर आहे म्हणजे गॅस भरपूर आहे' हे बंद एसीवर गेज लावून सांगणाऱ्यांपासून सावध. आत द्रवरूप गॅस थोडाही शिल्लक असेल तरी दाब हवेच्या तापमानाप्रमाणे तेवढाच दिसतो, ३५ अंशाला साधारण ११५ पीएसआय. पाव भरलेला असो की पूर्ण.

मिस्त्री म्हणतो स्वयंपाकाचा गॅस भरू, स्वस्तात गारेगार होईल.

होईल गार. कूलिंग कॉइल तुमच्या आणि लेकराबाळांच्या पायापुढे, बंद डब्यात आहे. ती गळली तर तो गॅस तिथेच साठतो, आणि ठिणगीला ब्लोअरची मोटर शेजारीच असते. नाही म्हणा आणि दुसरा मिस्त्री बघा.

गाडी पंधरा वर्षांची झाली. एवढा खर्च करावा का?

हा प्रश्न घरातल्यांचा असतो, म्हणून आकडा आधी. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी पाच वर्षांसाठी वाढवता येते. त्याची फी २०२२ च्या एप्रिलपासून ५,००० रुपये झाली आणि वीस वर्षांपुढच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. ती भरून गाडी ठेवायचीच ठरली असेल, तर पाच उन्हाळे बिनएसीचे काढायचे का ते तुम्हीच ठरवा. पत्रा सडला असेल, इंजिन तेल पीत असेल, तर एसीवर पैसा घालू नका. इंजिन चांगलं असेल तर घाला. आमच्या इंडिकेवर मी घातला, बायकोने महिनाभर ऐकवलं, आणि मे महिन्यात तुळजापूरला जाताना मागच्या सीटवर तीच आधी झोपली.

हिवाळ्यात गाडी एसीशिवायच चालते. बंद ठेवला तर पार्ट टिकतील ना?

उलट होतं. तेल गॅसबरोबरच फिरतं. चार महिने एसी लावला नाही की कॉम्प्रेसरच्या पुढच्या सीलवरचं तेल उतरून तो कोरडा पडतो आणि गॅस तिथून निघून जातो. थंडीतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं लावा. मामा दर रविवारी बाजाराला निघताना सुमोच्या काचा उघड्या टाकून एसी लावतात. गावातली पोरं हसतात. मामांचा सील २०१६ पासून बदललेला नाही.